नळीत शिरा आणि बस पकडा!

दोस्तांनो, आज आधी एक गणित. घाबरू नका, पाढ्यांच्या पलीकडचं त्यात काही नाही.

समजा, तुमच्या वर्गात ६० मुलं आहेत आणि त्यांना शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचंय. बस बोलावली तर तिची लांबी साधारण १२ मीटर. काही जण बसतील, काही उभे राहतील, पण मावतील सगळे. आता याच ६० जणांना मोटारींतून नेऊ. एका मोटारीत पाच माणसं बसतात हे खरं, पण सकाळी ऑफिसच्या वेळेला चौकातल्या मोटारींत डोकावून बघा. बहुतेकींत एक, नाहीतर दोनच डोकी! सरासरी दीड धरू. म्हणजे मोटारी झाल्या ४०. एक मोटार चार मीटरची, पुढच्या गाडीपासून दोन मीटर मोकळी जागा. एकामागे एक उभ्या केल्या तर रांग २४० मीटर! बसच्या वीसपट.

“मग रस्ता रुंद करा की!” असं तुमच्यातले निम्मे तरी म्हणणार. (आणि आईबाबा वाचत असतील तर तेही.) करून पाहिलंय लोकांनी. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातला ‘केटी फ्रीवे’ हा महामार्ग असाच रुंद केला. २००८ साली काम पुरं झालं, तेव्हा बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ पदर झाले होते. सव्वीस! तरी २०११ ते २०१४ या तीन वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबतच गेला. असं का? रस्ता मोकळा दिसला की घरी उभी असलेली गाडी बाहेर निघते, बसने जाणारा स्वतःची गाडी घेतो, लोक आणखी लांब राहायला जातात. रस्ता भरतोच.

मग करायचं काय? त्यासाठी आपल्याला ब्राझीलमधल्या कुरितीबा या शहरात जायला हवं. १९६०च्या सुमाराला हे शहर भराभर वाढत होतं आणि रस्ते अपुरे पडत होते. तिथेही तेच सुचवलं जात होतं, जुन्या इमारती पाडा आणि रस्ते रुंद करा. काही तरुण वास्तुरचनाकारांना हे पटेना. त्यांच्यातले एक, जैमी लेर्नर, १९७१ साली शहराचे महापौर झाले. वय अवघं ३३. तिथे महापौर म्हणजे नुसता मानाचा हार घालून फिरणारा माणूस नव्हे, शहराचा सगळा कारभार त्याच्या हातात असतो.

लेर्नर यांनी १९७२ मध्ये शहराचा मुख्य बाजाररस्ता गाड्यांसाठी बंद करून चालणाऱ्यांना द्यायचं ठरवलं. दुकानदार खवळले. गाड्या आल्या नाहीत तर गिऱ्हाईक कसं येणार? मग एका शुक्रवारी संध्याकाळी कामाला सुरुवात झाली आणि सुमारे ७२ तासांत फरसबंदी, दिवे, फुलझाडं सगळं तयार! काही मोटारवाल्यांनी धमकी दिली, आम्ही गाड्या घालणारच. पण ते आले तेव्हा रस्ताभर कागदाच्या लांबच लांब पट्ट्या अंथरल्या होत्या आणि शेकडो मुलं त्यांवर चित्रं रंगवत बसली होती. आता घाला गाडी! दुकानदारांचं म्हणाल, तर माणसांची वर्दळ वाढली आणि थोड्याच दिवसांत आजूबाजूचे दुकानदार आमचाही रस्ता असाच करा म्हणू लागले.

खरी गंमत पुढेच आहे. भुयारी रेल्वे बांधण्याइतका पैसा शहराकडे नव्हता. मग १९७४ पासून मोठ्या रस्त्यांच्या मधोमध फक्त बससाठी वाट राखून ठेवली. दोन्ही बाजूंना गाड्यांची कितीही गर्दी असो, बस आपली सुसाट. शिवाय उंच इमारतींना परवानगी मुख्यतः याच रस्त्यांच्या कडेने. म्हणजे जिथे बस तिथेच जास्त माणसं राहणार. आपल्याकडे उलट! आधी इमारती उभ्या राहतात, मग रस्ता येतो, मग पाणी, आणि बस आलीच तर सगळ्यांत शेवटी.

तरीही बस एका ठिकाणी अडतच होती. कुठे? थांब्यावर! पायऱ्या चढा, पैसे काढा, सुटे शोधा. समजा, एका थांब्यावर २० माणसं चढली आणि प्रत्येकाने तीन सेकंद घेतले, तर झाला एक मिनिट. असे २० थांबे म्हणजे २० मिनिटं नुसती उभं राहण्यात गेली! म्हणून १९९१ मध्ये तिथे काचेच्या नळ्या आल्या. हो, नळ्याच. थांबा म्हणजे आडवी ठेवलेली भलीमोठी पारदर्शक नळी. नळीत शिरतानाच पैसे द्यायचे. नळीची जमीन आणि बसची जमीन एकाच उंचीवर. बस आली की दारांतून फळी खाली येते आणि सगळ्या दारांमधून लोक एकदम आत-बाहेर. चाकांच्या खुर्चीवरचे आजोबासुद्धा. पुढे तीन डबे जोडल्यासारख्या बस आल्या, त्यांत अडीचशेच्या वर माणसं मावतात.

सगळं गोड गोड आहे असं मात्र समजू नका. आज कुरितीबातही घरोघरी मोटारी आहेत आणि बसमध्ये चेंगराचेंगरीची तक्रार आहे. वाट एकदा आखली की काम संपत नाही.

आपल्याकडे पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट, हडपसर अशी बसची वेगळी वाट सुरू झाली. भारतातली ही पहिलीच. २००९ मध्ये अहमदाबादचा ‘जनमार्ग’ आला. पुण्यात अडचण काय झाली? बसच्या वाटेत दुचाकी आणि मोटारी घुसायच्या, आणि थांबा रस्त्याच्या मधोमध असल्याने तिथवर पोचायचं तर धावत्या गाड्यांमधून जीव मुठीत धरून जावं लागे. बस कितीही चांगली आणली तरी प्रवास सुरू होतो तो पायीच. मेट्रोचंही तसंच. २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो धावू लागली, पण स्टेशनपर्यंतचा फूटपाथ टपऱ्यांनी आणि उभ्या स्कूटरांनी भरलेला असेल तर पोचायचं कसं? मला तर वाटतं, कुठल्याही उड्डाणपुलाच्या आधी शहरातले फूटपाथ धड करावेत. त्यांना पैसाही कमी लागतो आणि चिमुरड्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना ते लागतात. पण फूटपाथवर फीत कापून फोटो कोण काढणार?

आता तुमचं काम. कुणातरी मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि शाळेजवळच्या चौकात, फूटपाथवर सुरक्षित जागी दहा मिनिटं उभे राहा. वहीत दोन रकाने आखा. एकात गाड्या मोजा, दुसऱ्यात त्यांतली माणसं. बसमधली अंदाजाने लिहा. पायी जाणारे आणि सायकलवाले विसरू नका हं, त्यांची मोजणी बऱ्याचदा राहूनच जाते. मग आणखी एक गोष्ट बघा. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद राहतो, आणि तुमच्या आजीला तो रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात? दोन्ही आकडे लिहून पत्र पाठवा. एक प्रत आम्हाला, आणि एक तुमच्या वॉर्ड ऑफिसला.