भाकरी ही भीक नव्हे!

१० ऑक्टोबर २०२५ रोजी गाझात शस्त्रसंधी लागू झाली. १३ ऑक्टोबरला हमासच्या ताब्यातील शेवटचे २० जिवंत ओलीस इस्रायलला परतले आणि जवळपास दोन हजार पॅलेस्टिनी कैदी व स्थानबद्ध सुटले. त्याच दिवशी इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे जगातील पुढाऱ्यांनी शांततेच्या नावाने छायाचित्रे काढून घेतली. कतार, इजिप्त, तुर्कस्तान व अमेरिका यांच्या मध्यस्थीने दोन्हीकडच्या आयांना आपली मुले परत मिळाली, याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु बंदुका थांबणे म्हणजे शांतता नव्हे, हे सांगणेही आमचे कर्तव्य आहे.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सुमारे १२०० माणसे मारली आणि २५१ जणांना पळवून नेले. याला कुणी क्रांती म्हणत असेल तर आम्ही म्हणणार नाही. १९४९ चा चौथा जिनिव्हा करार कलम ३४ मध्ये ओलीस धरण्यास साफ मनाई करतो. मात्र त्याच कराराचे कलम ३३ सामूहिक शिक्षेलाही मनाई करते. गाझाच्या आरोग्य खात्याच्या नोंदीनुसार २०२५ संपण्यापूर्वीच मृतांचा आकडा ७० हजारांवर गेला होता. २ मार्च २०२५ पासून सुमारे अकरा आठवडे इस्रायलने अन्नधान्य व औषधे गाझात जाऊच दिली नाहीत. २२ ऑगस्टला गाझा शहर व परिसरात दुष्काळ असल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले. पाऊस न पडल्याने आलेला हा दुष्काळ नव्हता, तो माणसाने आणलेला होता!

अपराध एकाचा आणि शिक्षा अख्ख्या वस्तीला, हा न्याय आम्हाला नवा नाही. गावाने बहिष्कार टाकला की आमच्या वस्तीची पिठाची गिरणी बंद होते, किराणा बंद होतो, पाणी बंद होते. म्हणून गाझाची उपासमार आम्हाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब पाण्याची भीक मागायला गेले नव्हते, ते हक्क बजावायला गेले होते. जिनिव्हा करारही हेच सांगतो. कलम ५५ प्रमाणे ताबा असलेल्या सत्तेने जनतेला अन्न व औषधे पुरवावीत; कलम ५९ प्रमाणे ती अपुरी पडत असतील तर बाहेरची मदत येऊ द्यावी. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागार मतात हे बंधन पुन्हा अधोरेखित केले. म्हणजे मदतीचा ट्रक हा वाटाघाटीच्या टेबलावरचा सौदा नव्हे. ओलिसांची सुटका हीसुद्धा सौद्याची वस्तू नव्हे.

मग हे घडत का नाही? कारण कायदा आहे, अंमलबजावणी नाही. ॲट्रॉसिटीचे खटले लढवणाऱ्या आम्हा वकिलांना हे दुखणे रोजचेच आहे. सप्टेंबर २०२५ पर्यंत सुरक्षा परिषदेत अमेरिकेने गाझाविषयीचे ठराव सहा वेळा नकाराधिकार वापरून पाडले.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य व कोलियांत पेटलेला तंटा सांगितला आहे. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने आपल्याच संघात उभे राहून, आपली माणसेही निर्दोष नाहीत, असे बजावले. दोन माणसे शाक्यांनी निवडावीत, दोन कोलियांनी, चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, ही त्याची सूचना होती. बहुमताने ती फेटाळली आणि सिद्धार्थाला घर सोडावे लागले. तेल अवीवच्या रस्त्यावर उतरून आपल्याच सरकारकडे तह मागणारी ओलिसांची कुटुंबे आम्हाला या परंपरेतली वाटतात.

या कसोटीवर १७ नोव्हेंबर २०२५ चा सुरक्षा परिषदेचा २८०३ क्रमांकाचा ठराव तपासा. गाझाची सूत्रे ट्रम्प यांच्या अध्यक्षतेखालील शांतता मंडळाकडे. पॅलेस्टिनींच्या वाट्याला रोजच्या नागरी सेवा पाहणारी समिती! पॅलेस्टिनी प्राधिकरणाने सुधारणा कराव्यात, पुनर्बांधणी पुढे सरकावी, मग स्वयंनिर्णयाच्या वाटेसाठी परिस्थिती तयार होऊ शकेल, असे ठराव म्हणतो. आधी लायक व्हा, मग हक्क देऊ! ही भाषा आमच्या बापजाद्यांनी पुष्कळ ऐकली आहे. यात दोन आणि दोन कुठे आहेत? इथे पाचवाच आधी ठरला आहे!

आणि भारत? १९८८ साली पॅलेस्टाइनला मान्यता देणारा हा देश १२ जून २०२५ रोजी, १४९ राष्ट्रे गाझातील शस्त्रसंधीच्या बाजूने मत देत असताना, तटस्थ राहिला. १२ सप्टेंबरला मात्र दोन राष्ट्रांच्या तोडग्याचा पुरस्कार करणाऱ्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याला त्याने पाठिंबा दिला. आम्ही त्याचे स्वागत करतो. पण बुद्धाचे नाव जगभर मिरवणाऱ्या सरकारने उपाशी लेकरांच्या प्रश्नावर तटस्थ राहणे हा कुठला बुद्धविचार?

चळवळीतील बंधुभगिनींनो, या प्रश्नात धर्म पाहून बाजू निवडू नका. मुस्लिमद्वेषापोटी इस्रायलचा जयजयकार करणाऱ्यांच्या रांगेत आपण नाही आणि यहुदी माणसाचा द्वेष करणाऱ्यांच्याही नाही. आपली बाजू समतेची आहे. जॉर्डन नदी आणि समुद्र यांच्यामध्ये राहणाऱ्या दोन्ही जनतेला समान हक्क मिळेपर्यंत कोणतीही शस्त्रसंधी ही पुढच्या युद्धाची तारीखच ठरेल. समतेवाचून शांतता नाही, हे आम्ही आमच्या गावकुसाबाहेर शिकलो आहोत.