तिला धड देऊ नका

नवरात्रात तुमच्याही स्टेटसवर रेणुकामातेचा फोटो येऊन गेला असेल. जरा आठवून बघा, त्यात देवीला हात होते का? हातात त्रिशूळ, मागे कडाडणारी वीज, पायाशी सिंह? मग ती माहूरची नव्हे.

गडाच्या पायऱ्यांवरच्या दुकानांत टांगलेली तसबीर बघा. नुसतं मुख, म्हणजे तांदळा. शेंदरी चेहरा, टपोरे डोळे, कपाळी मळवट, मुखात विडा. बस्स. लहानपणी मला वाटायचं, चित्रकाराला कागदच पुरला नसेल!

गोष्ट तर आपण आजीकडून ऐकलेलीच असते. आईसाठी व्याकूळ झालेल्या परशुरामाला आकाशवाणी झाली, आई जमिनीतून वर येईल, पण मागं वळून बघू नको. पोराला कुठला धीर? त्यानं पाहिलंच, आणि तोवर वर आलेलं मुख तेवढं राहिलं. म्हणजे चित्रात जे नाही, तीच खरी गोष्ट आहे. धड नाही, कारण लेकाला दम निघाला नाही.

आता ते डोळे पुन्हा बघा. अनेक जण त्यांना उग्र म्हणतात. मला तसं वाटत नाही. इतक्या दिवसांनी लेक दिसल्यावर आईचे डोळे असेच मोठे होणार ना? आणि विड्यानं गाल भरलेला असताना कोणी चिडलेलं दिसतं का? गडावर प्रसादही तांबुलाचाच मिळतो. तुमचं मत वेगळं असेल तर असू द्या, पण ते तसबीर बघून ठरवा.

राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांना घरोघरी माणसासारखं अंग मिळालं. छानच झालं. तरी माहूरच्या तसबिरीत मुखच राहिलं. आता एआयला नाव टाईप करून दिलं, की काही सेकंदांत धड, शस्त्रं, सिंह सगळं हजर. भक्तीत खोट नाही हो, पण चित्राचा भाव पार बदलतो. लेकाकडे बघणारी आई लढाईला निघते, परशुराम गायब होतो.

परवा घरातल्या चिमुरडीला मी जुनी तसबीर दाखवली. तिनं लगेच विचारलं, “बाकीची देवी कुठंय?” मोबाईलवरचं चित्र बघून तिनं काहीच विचारलं नव्हतं.