आबांचे वडील कोण होते?

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचे निकाल लागले, त्यानंतरच्या आठवड्यात गगनबावड्यातील आमच्या वर्गात अभ्यासक्रमाबाहेरची एक चर्चा झाली. तासगाव-कवठेमहांकाळ मतदारसंघातून रोहित पाटील वयाच्या पंचविसाव्या वर्षी निवडून आले होते आणि राज्याच्या विधानसभेतील सर्वांत तरुण सदस्य ठरले होते. संविधानाच्या १७३ व्या अनुच्छेदाने विधानसभेसाठी किमान वयाची जी अट घातली आहे, तीही पंचवीस वर्षांचीच. आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असलेला मुलगा आमदार झाला, याचे आमच्या विद्यार्थ्यांना अप्रूप वाटणे स्वाभाविक होते. चर्चा रंगात आली असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, रोहितदादांचे वडील आर. आर. आबा. मग आबांचे वडील कोण होते?"

प्रश्नात उपरोध नव्हता. पावसाळ्यात एसटी चुकली की दिवस बुडाला, अशा वाडीवरून ती महाविद्यालयात येते. तिला स्वतःपुरता हिशेब मांडायचा होता. तो हिशेब आम्हां दोघांना मात्र अद्याप सुटलेला नाही; म्हणून हे टिपण.

तिला आम्ही दिलेले उत्तर साधे होते. रावसाहेब रामराव पाटील यांचा जन्म १९५७ मध्ये तासगाव तालुक्यातील अंजनी या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. घरात आमदारकी नव्हती, साखर कारखाना नव्हता. सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये 'कमवा आणि शिका' योजनेत श्रम करीत त्यांनी शिक्षण घेतले. १९७९ मध्ये, एकविशी-बाविशीच्या वयात, ते सावळज गटातून जिल्हा परिषदेवर गेले आणि तेथे अकरा वर्षे राहिले. १९९० मध्ये ते आमदार झाले, तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते. पुढे ग्रामविकासमंत्री म्हणून त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावोगावी नेले. खेड्यात शौचालय, गटार, पाणी यांचे प्रश्न कसे असतात, हे त्यांना मंत्रालयात शिकावे लागले नाही, यामागे ती अकरा वर्षे आहेत असे आम्हांस वाटते.

मुलाची वाट वेगळी आहे, आणि तिच्याविषयी बोलताना न्यायबुद्धी सोडता कामा नये. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आबांचे निधन झाले, तेव्हा रोहित शाळकरी वयाचे होते. पोटनिवडणुकीत आई सुमनताई निवडून आल्या, २०१९ मध्ये पुन्हा आल्या. जानेवारी २०२२ मध्ये कवठेमहांकाळ नगरपंचायतीचा निकाल लागला, तेव्हा प्रस्थापितांच्या आघाडीविरुद्ध रोहित यांच्या नेतृत्वाखालील पॅनेलने १७ पैकी १० जागा जिंकल्या. त्या वेळी स्वतः विधानसभा लढविण्याइतके त्यांचे वय नव्हते. २०२३ मध्ये टेंभू योजनेचे पाणी वंचित गावांना मिळावे, यासाठी आईबरोबर ते सांगलीत उपोषणाला बसले. २०२४ मध्ये त्यांनी माजी खासदार संजयकाका पाटील यांचा २७ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला आणि त्यांच्या पक्षाने त्यांना विधानसभेत मुख्य प्रतोद केले. हे सारे आयते मिळाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. वडिलांच्या नावावाचून हे मिळाले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा पेच अपरिचित नाही. टी. एस. एलियटने १९१९ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात परंपरा ही वारसाहक्काने मिळत नाही, ती कष्टाने मिळवावी लागते, अशी मांडणी केली. एम.ए.च्या वर्गात आपण ती वर्षानुवर्षे शिकवतो. वारसा आणि परंपरा यांतला हा भेद राजकारणालाही लावून पाहण्याजोगा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष राहुल नार्वेकर यांच्या अभिनंदनाच्या प्रस्तावावर रोहित पाटील यांनी केलेले भाषण महाराष्ट्रभर ऐकले गेले. अनेकांना त्यात आबा ऐकू आले, आणि कौतुकही मुख्यतः त्याचेच झाले. आम्हांला मात्र तेथेच थोडी काळजी वाटली. नवकवीच्या पहिल्या संग्रहात थोर पूर्वसूरींचा आवाज ऐकू आला, तर आपण त्याला शाबासकी देतो, पण दुसऱ्या संग्रहाची वाट पाहतो. शिवाय आबांच्या वाणीची दुसरी बाजूही त्या वारशात येते. ज्या वाणीने त्यांना घडविले, तिच्याच एका बेसावध वाक्यामुळे २००८ मध्ये, मुंबईवरील हल्ल्यानंतर, त्यांना उपमुख्यमंत्रिपद सोडावे लागले. मुलाने वडिलांकडून शब्दांचा ओघ घ्यावा तसे हे भानही घ्यावे.

आता स्वतःच्या अंगणाकडे वळू. गगनबावडा हा लोकसंख्येने लहान तालुका करवीर विधानसभा मतदारसंघात मोडतो. २०२४ मध्ये राज्यातील सर्वाधिक मतदान, सुमारे ८५ टक्के, याच मतदारसंघात झाले. येथील आमदार पी. एन. पाटील यांचे त्याच वर्षी मे महिन्यात निधन झाले होते. त्यांचे पुत्र राहुल पाटील उभे राहिले आणि दोन हजारांहून कमी मतांनी पराभूत झाले. म्हणजे एकाच निवडणुकीत दिवंगत आमदाराचा एक पुत्र विजयी झाला, एक पराभूत. यावरून मतदार डोळे मिटून वारसाला मत देत नाही, असे म्हणता येईल. पण विजयी झालेले चंद्रदीप नरके हेही कुंभी-कासारी कारखान्याचे संस्थापक डी. सी. नरके यांचे नातू आहेत, हे ध्यानात घेतले की समाधान ओसरते. आमच्या मतदारांपुढील खरी निवड पुत्र आणि नातू यांच्यातली होती.

योगायोग असा की, वतनाविषयी मराठीत सर्वांत स्पष्ट लिहिणारा माणूस याच भूमीशी जोडलेला आहे. 'आज्ञापत्र' लिहिणारे रामचंद्रपंत अमात्य हे बावड्याच्या पंत अमात्य घराण्याचे पूर्वज. वतनदार हे राज्याचे लहानसे दायादच असतात, त्यांना आटोक्यात ठेवले पाहिजे, असा इशारा त्यांनी १७१५ मध्ये दिला. गंमत अशी की, रामचंद्रपंतांना ऐन तारुण्यात लाभलेले पद आधी त्यांचे वडील निळो सोनदेव यांच्याकडे होते, आणि पुढे त्यांचेच वंशज बावड्याचे जहागीरदार झाले. रामचंद्रपंतांच्या कर्तृत्वाविषयी इतिहासाला शंका नाही. पण कर्तबगार वारस निपजला म्हणून वतनाची पद्धत चांगली ठरते, असे खुद्द त्यांनीही म्हटले नसते.

तेव्हा रोहित पाटील चांगले आमदार होतील की नाही, हा प्रश्न त्यांच्या मतदारांवर सोपवू. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्याहून मोठा आहे. ज्या शिडीने आबा चढले, ती शिडी कोठे आहे? कोल्हापूर-सांगलीसह राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षणाच्या वादात त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांनीच कारभार पाहिला. या काळात एकविसाव्या वर्षी पोहोचलेल्या तरुणांना ती पहिली पायरी दिसलीच नाही. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी हिंसाचाराच्या कारणाने बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची पुन्हा तरतूद केली, पण वर्षानुवर्षे ती कागदावरच राहिली. आम्ही प्राध्यापकांनीही त्याबद्दल कधी आवाज उठविला नाही. वर्ग शांत राहतात, याचेच आम्हांला बरे वाटत होते. हा दोष आमच्या पदरात घातला पाहिजे.

अन्य देशांनी याचा विचार वेगळ्या रीतीने केलेला दिसतो. दक्षिण कोरियात २०२० मध्ये र्यू हो-जंग ही २७ वर्षांची तरुणी पक्षाच्या यादीतून संसदेत गेली. गेम बनविणाऱ्या कंपनीत काम केलेली ही मुलगी कोणा नेत्याची वारस नव्हती. सभागृहात ती साधा पोशाख घालून आली, यावरूनच गदारोळ झाला. २०२१ च्या अखेरीस त्या देशाने उमेदवारीचे किमान वय पंचवीसवरून अठरावर आणले. तिची कारकीर्द लांबली नाही. पण वडिलांच्या नावाशिवाय आत जाण्याचे एक दार तेथे कायद्याने ठेवलेले होते. आपल्याकडे ते दार जिल्हा परिषद आणि महाविद्यालय यांच्यातूनच उघडत असे.

तास संपल्यावर त्या विद्यार्थिनीला आम्ही म्हणालो, "आबांचे वडील अंजनीचे शेतकरी होते." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग आमचे बाबाही चालतील." पुढच्या वेळी ती अर्ज भरायला जाईल, तेव्हा निवडणूक लागलेली असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.