फ्लिंटच्या पाण्यातलं शिसं: दोन नमुने वगळले आणि शहर कागदावर 'सुरक्षित' झालं

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात शिशाचे पाइप बदलण्याचं काम पूर्ण झालं, असं जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं. २८ हजारांहून जास्त ठिकाणी खोदकाम झालं आणि जवळपास ११ हजार शिशाचे पाइप निघाले. २०१७ च्या कोर्टातल्या समझोत्यानुसार हे काम तीन वर्षांत संपायला हवं होतं. लागली आठ वर्षं.

वरवर पाहिलं तर ही नळ आणि खड्ड्यांची बातमी आहे. पण थोडं खोलात गेलं की कळतं, हा सगळा लढा डेटाचा होता. पाणी कुठून घ्यायचं, कसं मोजायचं आणि कोणते आकडे धरायचे, हे ठरवणार कोण? फ्लिंटच्या लोकांनी हा अधिकार स्वतःकडे खेचून घेतला, म्हणून हे प्रकरण बाहेर आलं.

नेमकं बिघडलं काय?

एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराने डेट्रॉइटकडून येणारं पाणी बंद केलं आणि फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. जुन्या घरांना रस्त्याखालच्या मुख्य लाइनला जोडणारे पाइप शिशाचे होते. अशा पाइपच्या आतल्या बाजूला एक पातळ थर टिकून राहावा म्हणून पाण्यात ऑर्थोफॉस्फेट घालतात. डेट्रॉइटच्या पाण्यात ते होतं. नदीच्या पाण्यात असं कोणतंही गंजरोधक रसायन घातलंच गेलं नाही, वर त्यात क्लोराइडही जास्त. थर निघत गेला आणि शिसं पाण्यात उतरू लागलं.

शिशाला रंग नाही, वास नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते परिणाम करतं आणि त्याची 'एवढं चालेल' अशी कोणतीही सुरक्षित पातळी माहीत नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या तिथल्या इंजिन कारखान्यात हे पाणी वापरणं थांबवलं, कारण इंजिनाचे भाग गंजत होते. लोकांना मात्र त्यानंतरही वर्षभर 'पाणी पिण्यालायक आहे' असंच ऐकवलं गेलं.

पर्सेंटाइलचा खेळ

सीईटीमुळे पर्सेंटाइल तुम्हाला नवीन नाही. अमेरिकेचा तेव्हाचा नियमही त्यावरच चालायचा. घरोघरचे नमुने कमी ते जास्त असे ओळीने लावायचे. ९० टक्के नमुने जिथे संपतात, तिथला आकडा १५ पीपीबीच्या वर गेला की प्रशासनाला कारवाई करावी लागते. पीपीबी म्हणजे अब्ज भागांत एक भाग, ढोबळमानाने एका लिटरमध्ये एक मायक्रोग्रॅम.

२०१५ च्या पहिल्या सहामाहीत फ्लिंटमध्ये ७१ नमुने जमले. ते सगळे धरले असते तर आकडा १५ च्या वर जात होता. मग तांत्रिक कारणं देऊन दोन नमुने वगळले गेले. उरले ६९ आणि आकडा आला ११. शहर पास! वगळलेल्या दोनांपैकी एक लीअॅन वॉल्टर्स या चार मुलांच्या आईच्या घरचा होता. त्यात शिसं होतं १०४ पीपीबी.

कोड लिहिणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. टेस्ट फेल होतेय? मग ती टेस्टच काढून टाका.

गडबड इनपुटमध्येही होती. नमुना घेण्याच्या आदल्या रात्री नळ काही मिनिटं सोडून ठेवा, अशी सूचना रहिवाशांना दिली जायची. त्यामुळे पाइपमध्ये साचलेलं शिसं आधीच वाहून जातं आणि सकाळचा नमुना स्वच्छ दिसतो.

तीन बाटल्या

वॉल्टर्स यांनी व्हर्जिनिया टेक विद्यापीठातले प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांना गाठलं. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांच्या टीमने फ्लिंटला ३०० किट पाठवले. ते वाटण्याचं, नमुने कसे घ्यायचे हे समजावण्याचं आणि बाटल्या परत गोळा करण्याचं काम रहिवाशांनीच केलं. प्रत्येक घरात तीन बाटल्या: पहिली नळ उघडताच, दुसरी ४५ सेकंदांनी, तिसरी दोन मिनिटांनी. तीन वेळा कशाला? कारण शिसं नळातून येतंय की रस्त्याजवळच्या पाइपमधून, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

अडीचशेहून जास्त किट परत आले आणि ९० वा पर्सेंटाइल १५ च्या बराच वर निघाला. सप्टेंबरमध्ये बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अतिशा यांनी मुलांच्या रक्ताचे अहवाल मांडले. रक्तात शिशाचं प्रमाण वाढलेल्या मुलांचा वाटा २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेला होता. सरकारने आधी त्यांचे आकडे नाकारले, मग मान्य केले. १६ ऑक्टोबर २०१५ ला डेट्रॉइटचं पाणी परत सुरू झालं.

मशीन लर्निंग आलं, पण विश्वास?

पाइप बदलायचे ठरले, पण ते होते कुठे? नोंदी होत्या हाताने लिहिलेल्या जुन्या कार्डांवर आणि नकाशांवर, त्याही अर्धवट आणि बऱ्याचदा चुकीच्या. मग जेकब अॅबरनेथी आणि एरिक श्वार्ट्झ या संशोधकांनी घराचं वय, किंमत, जागा अशा माहितीवरून एक मॉडेल बनवलं. कोणत्या घरासमोर शिशाचा पाइप असण्याची शक्यता जास्त आहे, हे ते सांगायचं. २०१७ मध्ये खोदलेल्या सुमारे ७० टक्के ठिकाणी खरंच बदलावे लागतील असे पाइप निघाले.

२०१८ मध्ये काम नव्या कंपनीकडे गेलं आणि मॉडेल बाजूला पडलं. दहा हजारांहून जास्त ठिकाणी खोदलं, पण शिसं सापडलं जेमतेम १५ टक्के ठिकाणी. यामागे एक कारण लोकांच्या दबावाचंही होतं. 'शेजाऱ्याचं खोदलं, माझं का नाही?' हा प्रश्न रहिवासी विचारत होते. ज्यांना एकदा आकडे दाखवूनच फसवलं होतं, त्यांनी 'कॉम्प्युटर म्हणतो तुमचा पाइप ठीक आहे' यावर का विश्वास ठेवावा?

मला इथे दोन्ही बाजू पटतात. मॉडेल बरोबर होतं आणि लोकांचा संशयही रास्त होता. शेवटी २०१९ मध्ये पुन्हा कोर्टातून मार्ग निघाला. मॉडेल परत आलं, आणि पाइप तपासलेला नाही अशा घरांना वाऱ्यावर सोडायचं नाही, हेही त्यात आलं. अल्गोरिदमने क्रम ठरवावा. कोणाला वगळायचं, हे त्याने गुपचूप ठरवू नये.

आपल्यासाठी काय?

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे १० पीपीबी आहे. आपल्याकडे चर्चा झाली ती पीव्हीसी पाइपमध्ये वापरल्या जाणाऱ्या शिशाच्या संयुगांची. त्यावर एक संस्था राष्ट्रीय हरित लवादात गेली आणि २०२१ मध्ये केंद्राने त्याबद्दल नियम आणले.

ऑनलाइन मिळणाऱ्या टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका. तो विरघळलेले सगळे क्षार मिळून मिलिग्रॅममध्ये दाखवतो. त्यात ०.०१ मिलिग्रॅम शिसं दिसणारच नाही. 'टीडीएस ८०, पाणी मस्त' या रीलला शिशाच्या बाबतीत काही अर्थ नाही. पाणी उकळूनही शिसं जात नाही, उलट वाफ गेल्यावर त्याचं प्रमाण किंचित वाढतं. खरं मोजमाप प्रयोगशाळेतच होतं.

त्यामुळे पुढच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर 'पाण्याचा रिपोर्ट ओके आहे' असा पीडीएफ आला, तर तीन गोष्टी विचारा. नमुना टाकीतून घेतला की घरातल्या नळातून? घेण्याआधी पाणी वाहू दिलं होतं का? आणि एकूण किती नमुने घेतले, त्यातले किती रिपोर्टमध्ये आहेत? फ्लिंटमध्ये सगळा फरक या तिसऱ्या प्रश्नाने पडला होता.