चौघांचें काम, हिशेब कोणाचा ?

पुण्याहून पौडाकडे जाणारा रस्ता चांदणी चौक सोडल्यावर बावधन व भूगांव ओलांडून भुकूमास पोंचतो. या वाटेवर शहर कोठें संपलें व खेडें कोठें लागलें हें आतां डोळ्यांस कळत नाहीं. तें सरकारी गॅझेटांत पाहावें लागतें. ३० जून २०२१ रोजीं जीं तेवीस गांवें पुणें महानगरपालिकेंत सामील करण्यांत आलीं त्यांत बावधन बुद्रुक होतें. भूगांव आणि भुकूम नव्हतीं. म्हणून १५ जानेवारी २०२६ रोजीं महानगरपालिकेची निवडणूक झाली तेव्हां बावधनकर मतदानास गेले आणि भुकूमकर आपल्या ग्रामपंचायतीच्या हद्दींत स्वस्थ राहिले. परंतु शहराची हद्द हा कांहीं सह्याद्रीचा कडा नव्हे. १९९७, २०१७, २०२१ अशी ती वेळोवेळीं सरकत आली आहे. तेव्हां आज शहरांतील मतदारापुढें जो प्रश्न आहे तोच उद्यां भुकूमकरांच्या दारीं येण्याचा संभव आहे, हें ध्यानांत घेऊन आम्ही तो येथें मांडीत आहों. जो नगरसेवक पांच वर्षें खुर्चीवर बसून पुनः मत मागावयास येतो, त्याच्याकडून हिशेब कोणी आणि कसा घ्यावयाचा, हाच तो प्रश्न होय.

आमच्या व्यापारी वाचकांस याची फोड करून सांगण्याची गरज नाहीं. पेढीवरचा मुनीम वर्षअखेर रोजमेळ व खतावणी मालकापुढें ठेवतो. जमाखर्च जुळला तर त्याची जागा कायम, न जुळला तर त्यास निरोप. वकिली भाषेंत बोलावयाचें तर नगरसेवक हा मतदारांचा मुखत्यार होय. आणि मालकानें मागतांच मुखत्यारानें हिशेब दिला पाहिजे, हें १८७२ च्या करार कायद्यानें सामान्य व्यवहारांतही बंधनकारक केलें आहे. नव्या उमेदवारास आपण फार तर वचनें विचारूं शकतों. पुनः उभा राहणाऱ्यास मात्र कामें विचारतां येतात. नळाला पाणी किती वाजतां व किती वेळ येतें, सांडपाण्याची वाहिनी वर्षांत किती वेळां तुंबली, कचऱ्याची गाडी कोणत्या दिवशीं चुकली, अंदाजपत्रकांतील ‘स’ यादीचा पैसा कोणत्या कामावर पडला, हे प्रश्न क्षुल्लक दिसतात. पण स्थानिक स्वराज्य म्हणून जें कांहीं आहे तें यांतच आहे. राज्याच्या व देशाच्या धोरणाविषयीं विचारण्यास विधानसभा व लोकसभा आहेत. प्रभागांतील गटाराविषयीं विचारलें असतां जो उमेदवार दिल्लीविषयीं बोलूं लागतो, त्याची वही कोरी आहे असें खुशाल समजावें.

हिशेबाचा हा दिवस राज्यघटनेनेंच नेमून दिला आहे. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनें आलेलें २४३-यू हें कलम सांगतें कीं, नगरपालिकेची मुदत पांच वर्षांची, त्याहून अधिक नाहीं; आणि ती संपण्यापूर्वीं पुढील निवडणूक पुरी झाली पाहिजे. पुण्यांत काय घडलें ? फेब्रुवारी २०१७ मध्यें निवडलेल्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजीं संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासकाचा कारभार सुरू झाला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागांत सभासद तीन असावे कीं चार याविषयीं सरकारासरशी बदलणारे कायदे, आणि न्यायालयांतील तारखा यांत वर्षांमागून वर्षें गेलीं. अखेर ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निवडणुका घेण्याचा आदेश दिला, पुढें ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मर्यादा घातली, तेव्हां कोठें मतदानयंत्रें बाहेर निघालीं. जवळजवळ चार वर्षें या शहराच्या पेढीवर मालकांनीं नेमलेला मुनीम नव्हता.

कित्येक शहाणे गृहस्थ म्हणतात कीं, बिघडलें काय ? प्रशासक शिकलेला असतो. सभागृहांतला आरडाओरडा नाहीं, टक्केवारीची तक्रार नाहीं, कामें झपाट्यानें होतात. हा युक्तिवाद आमच्या कानांस ओळखीचा आहे. लोक अजून नालायक आहेत, सबब कारभार तज्ज्ञ अधिकाऱ्यांच्या हातीं असावा, हें तर परके राज्यकर्तेही सांगत असत. आम्ही अधिकाऱ्यांच्या लायकीविषयीं शंका घेत नाहीं. अधिकाऱ्यास बदलीची भीति असते, वरिष्ठांच्या शेऱ्याची भीति असते. मतदाराची भीति तेवढी नसते. आणि ज्या कारभाऱ्यास मतदाराची भीति नाहीं त्याच्या कारभारांत चूक झाली तर ती कोणाच्या कानीं घालावयाची, हें गरीब मनुष्यास कळत नाहीं.

पुरावा पाहिजे असेल तर सिंहगड रस्त्याकडे पाहावें. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी हीं गांवें बावधनाबरोबरच २०२१ सालीं शहरांत आलीं. त्यांच्या ग्रामपंचायती गेल्या. नऊ महिन्यांच्या आंत महानगरपालिकेचें सभागृहही गेलें. आणि आपला नगरसेवक निवडण्याची संधि त्यांस जानेवारी २०२६ पर्यंत मिळाली नाहीं. साडेचार वर्षें या गांवांस ना सरपंच होता, ना नगरसेवक. अशा स्थितींत जानेवारी २०२५ मध्यें याच भागांत गिलँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रोगी एकामागून एक आढळूं लागले. हातपाय लुळे पडून कित्येकांस श्वासोच्छ्वासासाठीं यंत्रावर ठेवावें लागलें, कांहीं दगावले. पुणें व आसपासच्या भागांत संशयित रोग्यांची संख्या दोनशेंवर गेली. बोट दाखविलें गेलें तें पिण्याच्या पाण्याकडे. नगरसेवक असता तर रोग टळलाच असता, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु गढूळ पाण्याची बादली ज्याच्या ओट्यावर नेऊन ठेवावी, आणि जो पुढील निवडणुकीच्या धाकानें तरी ती उचलून पालिकेंत नेईल, असा एकही मनुष्य त्या वस्तींतील बायांस नव्हता, ही गोष्ट निर्विवाद आहे. पुनः निवडून येण्याची इच्छा ही केवळ महत्त्वाकांक्षा नव्हे. तोच लोकांच्या हातांतला लगाम आहे.

आतां सभागृह आलें आहे, पण लगाम मात्र अजून चार हातांत वांटलेला आहे. पुण्यांत ४१ प्रभाग व १६५ सभासद आहेत: चाळीस प्रभागांत प्रत्येकीं चार, एकांत पांच. रस्ता खचला तर ‘अ’ जागेचा सभासद ‘ब’ कडे बोट दाखवितो, ‘ब’ ‘क’ कडे, आणि ‘ड’ सांगतो कीं निधि दुसऱ्यानें वळविला. उलट दिवा लागला तर फलकावर चौघांचींही छायाचित्रें झळकतात. श्रेय चौघांचें आणि दोष कोणाचाच नाहीं, अशी ही सोय आहे. शिवाय ही रचनाही स्थिर नाहीं. २००२ सालीं प्रभागांत तीन सभासद, २००७ सालीं एक, २०१२ सालीं दोन आणि २०१७ सालीं चार. ज्या पेढीचा मालकच दर पांच वर्षांनीं बदलतो, त्या पेढीवर मागची बाकी कोण विचारणार ?

यावर उत्तर मिळतें कीं, स्त्रियांस व मागासवर्गांस जागा द्यावयाच्या तर मोठे प्रभाग सोयीचे पडतात. आरक्षणाविषयीं आमचें मत वाचकांस ठाऊक आहेच. ज्यांस शतकानुशतकें सभेच्या दाराबाहेर ठेवलें त्यांस आंत घेणें हा उपकार नसून ऋणफेड आहे. आणि महाराष्ट्रानें २०११ सालीं स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांस दिल्या हें उत्तमच केलें. परंतु त्यासाठीं चौघांचा प्रभाग लागतो हें खरें नाहीं. मुंबई महानगरपालिकेंत २२७ प्रभाग व २२७ सभासद आहेत. तेथें प्रभागागणिक एकच नगरसेवक असून स्त्रियांच्या निम्म्या जागा बिनबोभाट भरतात. जें मुंबईस साधतें तें पुण्यास न साधण्याचें कारण काय ? एका सभासदाच्या प्रभागांत फिरत्या सोडतीमुळें चांगलें काम केलेल्या स्त्रीची जागा पुढल्या वेळीं दुसऱ्या वर्गाकडे जाते, ही अडचण मात्र खरी आहे. तिला उपाय सोपा आहे. एकदां पडलेलें आरक्षण लागोपाठ दोन निवडणुकांस कायम ठेवावें. म्हणजे पहिल्यांदा निवडून आलेल्या बाईस आपल्या कामाच्या बळावर पुनः कौल मागतां येईल, आणि तिच्या नांवावर कारभार करूं पाहणाऱ्या पतिराजांसही थोडा आळा बसेल.

कायदा बदलेल तेव्हां बदलेल; तोंवर मतदारानें काय करावें ? येथेंही आम्ही करार कायद्याचाच दाखला देतों. दोघांतिघांनीं मिळून एक वचन दिलें असतां, विरुद्ध ठराव नसल्यास, ज्यास वचन दिलें तो त्यांपैकीं कोणाही एकाकडून संपूर्ण वचनाची पूर्ति मागूं शकतो, असें त्याचें ४३ वें कलम आहे. सावकार चार सहकर्जदारांच्या दारांत चार वेळां हिंडत नाहीं. जो हातीं सांपडेल त्याच्याकडून सारी रक्कम वसूल करतो, आणि मग त्या चौघांनीं आपसांत वांटणी करून घ्यावी. मतदारानेंही हाच नियम पाळावा. प्रभागांतील प्रत्येक सभासद प्रभागाच्या प्रत्येक कामास संपूर्ण जबाबदार, असें समजून चौघांपैकीं समोर येईल त्यास सर्व विचारावें. ‘तें माझ्याकडे नाहीं’ हें उत्तर ज्यानें पांच वर्षांत दिलें, त्यास सहाव्या वर्षीं ‘आमचेंही मत तुमच्याकडे नाहीं’ असें उत्तर द्यावें.

पण विचारावयाचें कोठें ? या एका बाबतींत भुकूमकर पुणेंकरांहून श्रीमंत आहेत. त्यांस ग्रामसभा आहे. प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन, स्वातंत्र्यदिन व गांधीजयंती या सुमारास ती भरविण्याची वहिवाट आहे, आणि गांवांतील कोणाही मतदारानें उठून सरपंचास तोंडावर प्रश्न विचारावा असा तिचा अर्थ आहे. सर्वच ग्रामसभा नीट भरतात असें नव्हे. पण हक्क आहे. शहरवासीयांसाठीं क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्रानें २००९ सालीं कायद्यांत केली. ती आजवर बहुतांशीं कागदावरच राहिली. ज्या दिवशीं गांव शहरांत जातें त्या दिवशीं त्याचा कर वाढतो, इमारती वाढतात; पण प्रश्न विचारण्याची ही चावडी मात्र बंद होते. २०१७ सालीं शहरांत घेतलेल्या फुरसुंगी व उरुळी देवाची या गांवांनीं पुढें बाहेर पडून आपली निराळी नगरपरिषद पत्करली, त्याचें मर्म यांत शोधावें.

याच पुण्याच्या नगरपालिकेंत १८७६ ते १८८२ या काळांत जोतीराव फुले सभासद होते. ते लोकांनीं निवडलेले नव्हते, सरकारनें नेमलेले होते; त्यांस कोणाचेंही मत मागावयाचें नव्हतें. तरी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर लोकांचा पैसा उधळण्यास त्यांनीं एकट्यानें विरोध केला. नेमलेल्या सभासदास जी करदात्याची चाड होती ती निवडलेल्यांनीं बाळगावी, ही अपेक्षा मोठी म्हणतां येत नाहीं.

मतदारांसही दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. चार वर्षें वाट पाहून आलेल्या या निवडणुकींत सुमारें निम्मेच मतदार घराबाहेर पडले. देवदर्शनाची फुकट सहल आणि हळदीकुंकवाचें भारी वाण घेऊन मत देणारा मालक आपल्याच मुनिमाचा ऋणको होतो, आणि ऋणकोस हिशेब मागण्याचें तोंड राहत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक प्रभागांतील दुकानदारांनीं, गृहसंस्थांनीं व तरुण मंडळांनीं आजपासूनच एक साधी वही घालावी. तींत पाणी, रस्ता, कचरा, दिवे व दवाखाना अशीं पांच पानें असावींत. दरमहा तारीखवार नोंद व्हावी. आणि वर्षांतून एकदां चारही सभासदांस बोलावून ती मोठ्यानें वाचून दाखवावी. पुढील निवडणुकीस जाहीरनाम्याऐवजीं हीच वही टेबलावर ठेवावी.

भुकूमकरांनीं मात्र आणखी एक करावें. शतकापूर्वीं, १९२१ पासून, याच मुळशी तालुक्यांतील शेतकरी सेनापति बापटांसह धरणाविरुद्ध लढले, तें आपल्या जमिनीचा निकाल आपणांस न विचारतां लागला म्हणून. हद्दवाढीचा प्रस्ताव कधीं आलाच, तर त्यांनीं रस्ते व नळ यांविषयीं विचारावेंच. परंतु त्याआधीं ग्रामसभेंत ठराव करून असें विचारावें कीं, आमची पंचायत ज्या दिवशीं मोडेल त्या दिवसापासून किती महिन्यांत आम्हांस आमचा नगरसेवक निवडतां येईल, आणि तो एक असेल कीं चार? या प्रश्नाचें लेखी उत्तर मिळेपर्यंत गांवानें आपल्या चावडीची किल्ली कोणाच्या हातीं देऊं नये.