शिबिर छंदाचे, गरज सांभाळाची

वार्षिक परीक्षा आटोपत आल्या की धुळ्याच्या देवपूर उपनगरात उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. चित्रकला, नृत्य, हस्ताक्षर, श्लोकपठण असे बरेच काही तेथे शिकवले जाते. चार-पाच वर्षांच्या मुलाला प्रथमच अशा ठिकाणी पाठवणाऱ्या पालकांना प्रश्न पडतो, तो मूल तेथे रमेल का, हा. पण त्याआधीचा प्रश्न असा की, आपल्याला त्या शिबिराकडून नेमके काय हवे आहे?

खानदेशात सुटीची सोय पूर्वी नात्यागोत्यातच होत असे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येत. त्यांच्याबरोबर मुलेही येत. निंबाच्या झाडाला बांधलेला झोका, मामाचे शेत आणि आजीची नजर, एवढ्यावर सुटी निघून जाई. आज आई नोकरीला जाते आणि तिला दीड महिन्याची रजा मिळत नाही. आजी-आजोबा अनेकदा दुसऱ्या गावी असतात. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. परंतु लहान दुकानात, दवाखान्यात वा खासगी कार्यालयात काम करणाऱ्या आईच्या पदरी त्यातून काहीच पडत नाही. म्हणूनच फलकावर छंद लिहिलेला असला, तरी अनेक पालक प्रत्यक्षात सांभाळ विकत घेत असतात. ही गरज लाजिरवाणी नाही. मात्र ती मान्य केली, तर शिबिर पारखण्याच्या कसोट्याही बदलतात.

पहिली कसोटी उन्हाची. धुळे-जळगावचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी सहज ओलांडतो. त्यात २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत लांबल्या आणि सुटीचा बराचसा काळ मे महिन्यात गेला. याच वर्षी मार्चपासूनच्या उन्हामुळे राज्यभरातील प्राथमिक शाळा सकाळी सात ते सव्वाअकरा भरवण्याचा आदेश निघाला होता. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या खुल्या मैदानावर उष्माघाताने चौदा जणांचा बळी गेला, तेव्हा शासनाने दुपारी बारा ते पाच या वेळेत खुल्या जागेतील कार्यक्रमांना मनाई केली होती. शाळेला आणि प्रौढांना जे नको, ते पाच वर्षांच्या मुलाला कसे चालेल? तेव्हा पत्र्याखाली भरणाऱ्या, दुपारपर्यंत रेंगाळणाऱ्या शिबिरात कितीही कला शिकवल्या, तरी ते त्याज्यच होय.

दुसरी कसोटी माणसांची. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या घटनेनंतर शाळांमध्ये सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पडताळणी यांबाबत शासनाने कठोर भूमिका घेतली. चार आठवड्यांसाठी भाड्याच्या सभागृहात उभ्या राहणाऱ्या शिबिराला मात्र हे प्रश्न बहुधा पालकांनाच विचारावे लागतात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा शिबिरालाही लागू आहे. तथापि कायदा गुन्ह्यानंतर धावून येतो, दक्षता आधी घ्यावी लागते. किती मुलांमागे किती मोठी माणसे आहेत, स्वच्छतागृहात मुलाबरोबर कोण जाते, मूल कोणाच्या हाती सोपवले जाते, हे विचारण्यात संकोच कसला?

तिसरी कसोटी मुलाच्या मनाची. पहिल्या दिवशी रडणे हे शिबिर वाईट असल्याचे लक्षण नव्हे आणि मूल भित्रे असल्याचेही नव्हे. त्याची नजर चुकवून निघून जाणे मात्र वाईट. त्यातून मूल एवढेच शिकते की, आई केव्हाही नाहीशी होऊ शकते. निरोप घेऊन जावे, सांगितलेल्या वेळेला परत यावे आणि पहिले दोन-तीन दिवस तासाभराचेच ठेवावे. याला जे आयोजक नकार देतात, त्यांना मुलांपेक्षा वेळापत्रक प्रिय आहे, असे समजावे.

अर्थात, सारा भार पालकांवर टाकून भागणार नाही. सकाळी अकराला संपणारे शिबिर नोकरदार आईची निम्मीच अडचण सोडवते. पांझरेच्या उत्तरेला वसलेले देवपूर शाळा-महाविद्यालयांचे उपनगर म्हणून ओळखले जाते. सुटीत तेथील अनेक पक्क्या इमारती रिकाम्या असतात. शिक्षणसंस्था आणि महापालिका यांनी त्यांतील काही वर्ग, पंखे, पाणी आणि प्रशिक्षित सेविका यांसह माफक शुल्कात दिवसभरासाठी उघडले, तर आईला नोकरी आणि मूल यांत निवड करावी लागणार नाही. छंद मूल पुढेही जोपासू शकेल. त्याला आज सावली आणि विश्वासाचे माणूस हवे आहे.