भाव नंतर, आधी जॅकेट

दिवाळी जवळ आली की सुरतच्या उधन्यात दोनच गोष्टींची चर्चा असते: बोनस किती मिळणार आणि सुट्टीत जायचं कुठे. लूम थांबतात, साडी मार्केट लाभपंचमीपर्यंत बंद असतं. पूर्वी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार, म्हणजे आपलं गाव. रेल्वेची ताप्ती लाइन इथूनच सुरू होते, त्यामुळे पिशव्या भरल्या की निघालं. आता गावाला दोन दिवस देऊन बाकीचे समुद्रासाठी राखणारी घरं आजूबाजूला दिसू लागली आहेत. कुणी वापीला उतरून दमणला जातं, कुणी बसने दीवला, हाताशी जास्त दिवस असतील तर तारकर्ली किंवा गोवा. ज्यांच्या आजीने आयुष्यभर विहीर आणि नदी एवढंच पाणी पाहिलं, त्या मुली आज बनाना राइडवर बसून ओरडतात, पॅरासेलिंगच्या छत्रीखाली लाटांवरून तरंगतात. मला याचा मनापासून आनंद आहे. कष्टाच्या पैशातून विकत घेतलेली ही मौज हक्काची आहे.

म्हणूनच या आठवड्यात थोडं कळकळीने लिहिते आहे. समुद्राची हौस आपल्याकडे आली, समुद्राची समज अजून यायची आहे. कोळ्याच्या पोराला जे घरातच कळतं, ते आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. सुरत बंदराचं शहर असलं तरी आपला उधना यंत्रमागांचा. समुद्र म्हटलं की आपल्यापुढे डुमस येतं: काळी वाळू, टोमॅटोची भजी आणि ओहोटीला दूर गेलेलं पाणी.

ते पाणी एवढं दूर का जातं, इथूनच समज सुरू होते. खंभातचं आखात तोंडाशी रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं आहे. आत शिरणाऱ्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही, म्हणून ते उंच चढतं. भारताच्या किनाऱ्यावरचा भरती-ओहोटीतला सर्वांत मोठा फरक याच आखातात असतो, भावनगरच्या बाजूला तो दहा मीटरपर्यंत जातो. एवढं पाणी सहा तासांत भरतं आणि सहा तासांत उतरतं, म्हणजे त्याला ओढही तेवढीच असते. ओहोटीत गाडी आत नेऊन फोटो काढणाऱ्यांची चाकं रुततात आणि मागून भरती येते, ते याचमुळे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सौम्य भरती असते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. दिवाळीचं लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं. म्हणजे आपण सुट्टीला निघतो ते नेमके उधाणाचे दिवस असतात. किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिला प्रश्न ‘किती रुपये’ असा न विचारता ‘भरती किती वाजता’ असा विचारायला हवा.

आता मुद्द्याची गोष्ट. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे ना लाटा होत्या, ना वादळ. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, त्यात १५ जणांचा जीव गेला. टक्कर प्रवाशांच्या हातात नव्हती. पण टक्कर झाल्यावर पाण्यात पडलेल्या माणसाच्या अंगात जॅकेट आहे की ते बोटीच्या कोपऱ्यात रचून ठेवलेलं आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. अशा वेळी जॅकेट शोधायला, उलगडायला, अडकवायला सवड मिळत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या जवळचं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर पॅरासेलिंग करणाऱ्या एका जोडप्याचा दोर हवेतच तुटला. दोघं उंचावरून समुद्रात पडली. अंगात जॅकेट होतं, किनाऱ्यावर जीवरक्षक होते, दोघं वाचली. दोर तुटायलाच नको होता, हे खरंच. मीठ, ऊन आणि रोजचा ताण यांनी दोर झिजतो, तो वेळेवर बदलणं हे चालवणाऱ्याचं काम. पण त्याच्याकडून चूक झाली तरी माणूस घरी परत आला, कारण बक्कल लावलेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की बोटीत पाय ठेवण्यापूर्वीचा क्षण सोडला, तर पर्यटकाच्या हातात दुसरं काहीच नसतं. परवाने देणारी मेरिटाइम बोर्डं आहेत, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स आहे, नियमांची पुस्तकं आहेत. त्यांनी तपासण्या कराव्यात, दोषींना शिक्षा करावी, यासाठी आपण आवाज उठवलाच पाहिजे. तरीही बोट सुटली की इंजीन दुसऱ्याच्या हातात, पाणी कुणाच्याच नाही. नाही म्हणायचं असेल तर ते वाळूत उभं राहूनच म्हणावं लागतं.

आणि तिथेच आपण काय करतो? भाव करतो. व्यापाराचं गाव आपलं, ती सवयच आहे. मार्केटमध्ये ताका उलगडून, उजेडात धरून, फॉल्ट बघून मग आपण दर बोलतो. किनाऱ्यावर मात्र माल न बघताच दर पाडायला लागतो. ‘सहा जणांचे पाचाच्या पैशात घ्या.’ ‘पोरगं लहान आहे, मांडीवर बसेल, त्याचं कसलं तिकीट?’ यातलं दुसरं वाक्य मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. ज्या मुलाचं तिकीट काढलं नाही, ते मोजलं जात नाही. जे मोजलं जात नाही, त्याच्या मापाचं जॅकेट काढलं जात नाही. आपण शे-दोनशे रुपये वाचवतो आणि आपलंच लेकरू बोटीच्या हिशेबाबाहेर ठेवतो. चालवणाराही कमी पडलेले पैसे भरून काढायला पुढच्या फेरीत दोन माणसं जास्त बसवतो. घासाघीस करायचीच असेल तर हॉटेलच्या खोलीवर करा. बोटीवर पूर्ण पैसे द्या, मग पूर्ण हक्काने प्रश्न विचारा.

प्रश्न फार नाहीत. परवाना आहे का? बोटीची क्षमता किती आणि आत्ता आत किती जण? जॅकेट सगळ्यांना आहे का आणि मुलांच्या मापाचं आहे का? जॅकेट घातल्यावर खांद्यांना धरून वर ओढून बघा. ते हनुवटीच्या, कानांच्या वर सरकत असेल तर पाण्यात मूल त्यातून निसटेल. लहानांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. आपल्या आया-मावश्या लुगडं किंवा साडी नेसून बोटीत बसतात आणि संकोचाने म्हणतात, ‘राहू दे मला, मी मधेच बसते.’ त्यांचा पदर नीट खोचा, वरून जॅकेट घाला, बक्कल तुम्ही लावा. मुलींनी ओढणी किनाऱ्यावरच ठेवावी. वेगात ओढणी गळ्याला आवळते, बोटीच्या पंख्यात अडकते. जेट स्कीवर बसाल तर चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची दोरी बघा. तो पाण्यात पडला की त्या दोरीनेच इंजीन बंद होतं. बनाना राइडवाले शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात. ज्याला नको असेल त्याने आधीच स्पष्ट सांगावं. आणि डॉल्फिन दिसले म्हणून सगळ्यांनी एका बाजूला धावू नये. बोट उलटायला तेवढं पुरतं.

स्कूबाबद्दल भीती जास्त असते, पण नीट शिकवणारा असेल तर तो सुंदर अनुभव आहे. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाच आहे. पोहता न येणारेही प्रशिक्षकाचा हात धरून थोड्या खोलीवर उतरू शकतात. नियम दोन: श्वास कधीही रोखायचा नाही आणि कानांवर दाब जाणवू लागताच नाक दाबून हळूच नाकात हवा फुंकायची, तरी कान दुखले तर वर यायचं. दमा, हृदयविकार किंवा साधी सर्दी असेल तरी आधी सांगायचं. परतीच्या वाटेवरही तेवढंच सावध राहावं. मे २०२२ मध्ये तारकर्लीतच स्कूबाहून परतणारी बोट किनाऱ्याजवळ आल्यावर उलटली, दोन पर्यटक गेले. किनारा दिसला म्हणून जॅकेट सैल करायचं नसतं.

हे वाचून कुणी सहल रद्द करावी, असं मला वाटत नाही. मालवण-देवबागेतल्या कित्येक मच्छीमार घरांचं पोट आज या पर्यटनावर चालतं. त्यांच्यातले चांगले नाववाले आपल्यापेक्षा कडक असतात. वारा फिरला की ते फेरी बंद करतात, पावसाळ्यात तर जलक्रीडा बंदच असते. अशा माणसाने ‘आज नाही’ म्हटलं तर त्याच्याशी वाद घालू नका. पुढच्या वेळी त्याच्याकडेच जा. ज्यांना समुद्राची पहिली ओळख हवी आहे, त्यांनी हजिऱ्याहून घोघ्याला जाणारी मोठी फेरीबोट घ्यावी. नोव्हेंबर २०२० पासून ती सुरू आहे. रस्त्याने ३७० किलोमीटरचं अंतर समुद्रातून ९० वर येतं. आखाताचा विस्तार मुलांना डेकवरून दाखवता येतो.

शेवटची मागणी आपल्या शहराकडे आहे. सुरत महानगरपालिकेचे तरणतलाव आहेत आणि गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्या शाळाही ती चालवते. या दोन्हींची गाठ घालून दिली, तर पाचवी-सहावीतल्या प्रत्येक मुला-मुलीला पोहायला आणि पाण्यात शांत राहायला शिकवता येईल. शाळकरी मुलांना पोहणं आणि जलसुरक्षा शिकवा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. हे काही फक्त सुट्टीच्या मौजेसाठी नाही. ऑगस्ट २००६ च्या पुरात तापी नदी आपल्या शहराच्या घराघरांत शिरली होती. तेव्हा कुणी तिकीट काढलेलं नव्हतं. पालक संघांनी, महाराष्ट्र मंडळांनी, आपल्या नगरसेवकांनी ही मागणी लावून धरावी. ती मान्य होईपर्यंत आपल्या घरापुरता नियम आपणच करू: प्रत्येक मुलाचं तिकीट, प्रत्येक अंगात जॅकेट, आणि ते मिळत नसेल तर त्या बोटीला नकार.